मातीचा पुतळा फोटोतच उरतो

वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा जुन्या पोथ्या, मोडी कागद आणि नाणी यांच्याविषयी असतात. गेल्या काही आठवड्यांत मात्र सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांतून आलेली सहा पत्रे एकाच विषयाची निघाली. शिल्पकाराच्या आयुष्याची आणि कामाची छायाचित्रे कशी जपावीत, त्यांचे काळ कसे ठरवावेत आणि ती कोणाची मानावीत, असे त्यांतले प्रश्न आहेत. म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेनुसार छापलेली नाहीत.

प्रश्न : माझे सासरे शिल्पकार होते. १९५० नंतरची पस्तीस वर्षे त्यांनी शाळा, साखर कारखाने, ग्रामपंचायती आणि खाजगी घरे यांच्यासाठी पुतळे केले. त्यांच्यामागे एक लोखंडी ट्रंक, तीन आल्बम आणि काचेच्या निगेटिव्हची एक लाकडी पेटी राहिली आहे. फोटो हजाराच्या घरात असावेत. जन्मशताब्दीनिमित्त त्यांतले उत्तम शंभर निवडून स्मरणिका काढावी आणि बाकीचे, म्हणजे अर्धवट पुतळ्यांचे, सांगाड्यांचे आणि एकाच डोक्याचे दहा-दहा फोटो काढून टाकावेत, असे घरात चालले आहे. माझे मन घेत नाही, पण का घेत नाही ते मला नीट सांगता येत नाही.
— एक वाचिका, गावभाग, सांगली

उत्तर : आपल्या मनाला जे खटकते आहे त्याचे कारण शिल्पकाराच्या कामाच्या रीतीतच सापडते. पुतळा पहिल्यांदा घडतो तो मातीत. लोखंडी सळ्या आणि तारा यांच्या सांगाड्यावर माती चढवली जाते, ती सुकू नये म्हणून ओल्या फडक्यांनी झाकली जाते, आणि आठवडेच्या आठवडे, मोठ्या कामात महिनेच्या महिने, शिल्पकार त्या मातीवर राबतो. हे काम पुरे झाले की त्यावर प्लास्टर ऑफ पॅरिसचा साचा चढतो, आणि साचा उघडल्यावर आतली माती खरवडून काढावी लागते. ती माती भिजत टाकून पुढच्या कामाला वापरली जाते. त्या साच्यात प्लास्टर ओतले जाते, ते घट्ट झाल्यावर बाहेरचा साचा छिन्नीने फोडला जातो आणि आतून प्लास्टरची प्रत निघते. ती ओतशाळेत जाते, तिच्यावरून पुन्हा साचे होतात आणि शेवटी ब्राँझ ओतले जाते. प्लास्टरची प्रतही पुढे बहुतेक ठिकाणी जागा अडते म्हणून फोडली जाते. म्हणजे चौकात उभा असलेला पुतळा हा मूळ कामापासून दोन-तीन पायऱ्या दूर असतो, आणि ज्या मातीला आपल्या सासऱ्यांची बोटे प्रत्यक्ष लागली होती ती माती त्या ‘अर्धवट’ म्हणून बाद ठरलेल्या फोटोंखेरीज आज कुठेही नाही.

याउलट अनावरणाच्या फोटोत काय असते ते आठवून पाहावे. व्यासपीठ असते, पाहुणे असतात, हारांखाली झाकलेला पुतळा असतो आणि बहुधा एका कडेला, अर्धा कापलेला, शिल्पकार असतो. स्मरणिकेसाठी नेमके हेच फोटो निवडले जातात. त्यांना माझा विरोध नाही, परंतु शंभरांची निवड करताना निम्मे तरी शिल्पशाळेतले घ्यावेत, असा माझा आग्रह राहील.

एकाच डोक्याचे दहा फोटो हे दहा निरनिराळ्या बाजूंचे किंवा दहा निरनिराळ्या दिवसांचे असण्याची शक्यता फार आहे. पुतळा समितीला मातीकाम दाखवण्यासाठी असे फोटो टपालाने पाठवले जात, आणि उलट टपाली ‘कपाळ अरुंद वाटते’, ‘पगडी थोडी मागे हवी’ अशा सूचना येत. पुढच्या काळात तर पुतळ्याच्या मातीच्या प्रतिकृतीला कला संचालनालयाची मान्यता घ्यावी लागू लागली, त्यामुळे असे फोटो सरकारी कागदांबरोबरही फिरले. तेव्हा हे दहा फोटो ट्रंकेत ज्या क्रमाने आहेत त्याच क्रमाने ठेवून, कपाळ कुठल्या फोटोत रुंद झाले ते पाहावे. एखाद्या फोटोवर पेन्सिलीच्या रेघा किंवा शाईचे ठिपके आढळले तर ते डाग समजून पुसू नयेत. फ्रान्समधले शिल्पकार ऑग्युस्त रोदाँ आपल्या शिल्पांच्या फोटोंवरच पेन्सिलीने आणि शाईने दुरुस्त्या करून पाहत असत. १९१६ मध्ये त्यांनी आपला सारा संग्रह सरकारला दिला तेव्हा त्यात शिल्पांबरोबर हजारो छायाचित्रेही गेली, आणि पॅरिसच्या रोदाँ संग्रहालयात अभ्यासक आज त्या रेघाच तपासत बसतात.

ट्रंकेत आणखी एका प्रकारचे फोटो असतील, ज्यांचा आपल्या घराण्याशी काही संबंध दिसणार नाही. कुणी फेटेवाले गृहस्थ समोरून, कुणी एका बाजूने, एखादा गटफोटोतून कापून मोठा केलेला चेहरा असे ते असतात. ज्यांचा पुतळा करायचा त्यांच्या घरून आलेले हे संदर्भाचे फोटो, आणि ते परत करायचे पुष्कळदा राहून गेलेले असते. हे वेगळे काढून फेकण्याऐवजी त्या त्या पुतळ्याच्या लिफाफ्यात ठेवावेत. शिल्पकाराने फोटोतून काय घेतले आणि स्वतःच्या नजरेने काय घातले, हे कळण्याचा दुसरा मार्ग नाही.

आता कामाच्या क्रमाविषयी. पहिले काही दिवस काहीही निवडू नये आणि काहीही वेगळे करू नये. ट्रंक, आल्बम आणि पेटी जशी आहे तशी तिचे वरून मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. मग एकेक लिफाफा उघडून प्रत्येक फोटोला क्रमांक द्यावा, तो मागच्या बाजूला, कडेला, मऊ पेन्सिलीने, हलक्या हाताने लिहावा (बॉलपेनचा दाब पुढच्या बाजूला उमटतो), आणि तोच क्रमांक वहीत लिहून समोर लिफाफ्यावरचा मजकूर जसाच्या तसा, चुकांसह, उतरवावा. आल्बममधले फोटो उचकटू नयेत, पानाला आणि जागेला क्रमांक दिला तरी पुरते.

सासूबाई असतील तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसावे. एका बैठकीत वीसपेक्षा जास्त फोटो दाखवू नयेत, आणि त्या बोलतील ते सारे ध्वनिमुद्रित करावे. पाहुण्यांची नावे वर्तमानपत्रांतूनही मिळतील, पण साचा धरून उभा असलेला मुलगा कोण, सळ्या वाकवणारे लोहार कुठल्या गावचे, माती कुठून येत असे, या गोष्टी त्यांच्याखेरीज कुणालाच सांगता येणार नाहीत. पुतळ्याच्या चौथऱ्यावरच्या संगमरवरी पाटीत साचेकाम करणाऱ्याला आजवर जागा मिळालेली नाही. आपल्या वहीत ती अवश्य द्यावी.

प्रश्न : आमच्याकडेही असाच संग्रह आहे. २०१९ च्या महापुरात त्यातले काही फोटो भिजून एकमेकांना चिकटले, काही फ्रेमच्या काचेला चिकटले. ते सोडवता येतील का? आणि पुन्हा पाणी आले तर काय करावे?
— एक वाचक, सांगलीवाडी

उत्तर : चिकटून वाळलेले फोटो हाताने ओढू नयेत, सुरीने तर मुळीच सोडवू नयेत. फोटोचे चित्र कागदावर नसते, कागदावरच्या जिलेटीनच्या थरात असते. तो थर भिजला की फुगतो, शेजारच्या वस्तूला धरतो, आणि ओढला की सोलून निघतो. चिकटलेला गठ्ठा तसाच कोरड्या कागदात ठेवून संवर्धन जाणणाऱ्या व्यक्तीकडे न्यावा. मुंबईतल्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचे कलावस्तू संवर्धन केंद्र आहे, तिथे विचारणा करता येईल. काचेला चिकटलेला फोटो काचेसकट स्कॅन करून ठेवावा. काच हेच आता त्याचे घर आहे असे समजावे.

२००५, २०१९ आणि २०२१ पाहिलेल्या सांगलीकराला ‘पुन्हा पाणी आले तर’ हा प्रश्न कल्पनेतला वाटत नाही. म्हणून संग्रह तळमजल्यावर ठेवायचाच नाही, हा पहिला नियम. तरीही भिजलाच, तर गठ्ठा वाळू न देणे ही सर्वांत मोठी खबरदारी आहे. ओले असतानाच फोटो थंड, स्वच्छ पाण्याच्या तबकात एकेक करून अलगद सुटे करावेत, गाळ निघू द्यावा, चित्राच्या बाजूला बोट लावू नये, आणि स्वच्छ सुती कापडावर चित्र वर करून सावलीत पसरावेत. दोन दिवसांत बुरशी धरू लागते. तेवढ्यात काम उरकणार नसेल तर ओले फोटो प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवावेत आणि नंतर थोडे थोडे काढून वाळवावेत. काचेच्या निगेटिव्हना मात्र हा उपाय करू नये. त्या उभ्या, लांब कडेवर, पाण्याचा निथळ जाईल अशा ठेवून वाळवाव्यात.

एरवी ठेवण्यासाठी लाकडी कपाटापेक्षा पत्र्याचे कपाट बरे, आणि तेही बाहेरच्या भिंतीला टेकवू नये. वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळणे, डांबराच्या गोळ्या टाकणे, सेलोटेप लावणे आणि लॅमिनेशन करणे या चार गोष्टींनी आपल्याकडे पुराइतकेच फोटो घालवले आहेत. जुन्या फिल्मच्या डबीला व्हिनेगरसारखा आंबट वास येत असेल तर ती फिल्म कुजू लागली आहे. ती लगेच वेगळी ठेवून तिचे स्कॅनिंग आधी करावे.

प्रश्न : आमच्या शाळेत एका स्थानिक शिल्पकाराने केलेला संस्थापकांचा अर्धपुतळा आहे, आणि त्याच्या घडणीचे चाळीस फोटो कार्यालयात सापडले. एकावरही तारीख नाही. साल कसे काढावे?
— एक शिक्षक, सातारा

उत्तर : चित्राआधी पाठ पाहावी. फोटो स्टुडिओचा शिक्का हा आपल्या भागात फार बोलका असतो, कारण गेल्या शतकात आपल्या जिल्ह्यांची नावेच बदलत गेली. शिक्क्यात ‘संस्थान सांगली’ किंवा ‘संस्थान औंध’ असेल तर तो शिक्का १९४८ च्या विलीनीकरणापूर्वी बनला. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे उत्तर सातारा आणि दक्षिण सातारा असे दोन भाग झाले, आणि १९६० मध्ये दक्षिण साताऱ्याचे नाव सांगली झाले. म्हणून ‘जि. दक्षिण सातारा’ किंवा ‘जि. उत्तर सातारा’ असा शिक्का त्या अकरा वर्षांत घडवलेला असतो. पत्त्यात सहा आकडी पिन कोड असेल तर फोटोची ती प्रत १५ ऑगस्ट १९७२ च्या आधीची असू शकत नाही. फोटोबरोबर स्टुडिओचे बिल सापडले आणि त्यात आणे असतील तर ते साधारणपणे एप्रिल १९५७ च्या आधीचे, ‘नये पैसे’ असतील तर १९५७ ते १९६४ मधले.

यात एक गोम आहे, आणि घाईने लिहिलेल्या स्थानिक इतिहासात ती हमखास निसटते. नवी गोष्ट आधीचे काळ नाकारते, पण जुनी गोष्ट नंतरचे काळ नाकारत नाही. पिन कोड असलेला शिक्का १९७२ पूर्वीचा नाही हे नक्की. परंतु ‘दक्षिण सातारा’चा रबरी शिक्का काटकसरी स्टुडिओवाल्याने १९६० नंतरही झिजेपर्यंत वापरला असेल. शिवाय आपल्या हातात असते ती प्रत. निगेटिव्ह तिच्याहून कितीतरी जुनी असू शकते. म्हणून एका खुणेवर साल ठरवू नये, दोन-तीन खुणा जिथे एकमेकींना छेदतात तिथे बोट ठेवावे.

आकारही पाहावा. हाफ प्लेट, क्वार्टर प्लेट ही जुन्या फोटोग्राफरांच्या तोंडची मापे काचेच्या आणि शीट निगेटिव्हच्या आकारांवरून आलेली आहेत, तर लहान चौकोनी फोटो बहुधा रोल फिल्मच्या कॅमेऱ्याचे असतात. अनावरणाचा फोटो किंवा निमंत्रणपत्रिका असेल तर पाहुण्यांचे पद वाचावे. आपल्या भागातल्या समारंभांना यशवंतराव चव्हाण पुष्कळदा येत. ते ‘मुख्यमंत्री’ असतील तर १९५६ ते १९६२, ‘संरक्षणमंत्री’ असतील तर नोव्हेंबर १९६२ ते १९६६. आणि एवढे करण्यापूर्वी शाळेचे त्या सुमाराचे कीर्दपुस्तक, म्हणजे रोजच्या जमाखर्चाची वही, उघडून पाहावे. पुतळ्याचे पैसे कुठल्या तारखेला दिले, हे तिथे एका ओळीत मिळाले तर वरचे सारे कष्ट वाचतील.

प्रश्न : सर्व फोटो मोबाइलवर उतरवून घेतले आहेत. आता मूळ प्रती ठेवण्याची गरज आहे का?
— एक वाचक, विटा

उत्तर : आहे. मोबाइलच्या चित्रात पाठीवरचा शिक्का, कागदाचा प्रकार आणि काचेवरचा बारीक तपशील येत नाही. मूळ प्रती जपून, सवडीने दोन्ही बाजू किमान ६०० डीपीआयने (दर इंचाला ६०० ठिपके) स्कॅन कराव्यात, तपशील न गमावणाऱ्या टिफ स्वरूपात साठवाव्यात आणि तीन प्रती करून त्यांतली एक दुसऱ्या गावी ठेवावी.

प्रश्न : वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. गावातल्या एका शिल्पकाराच्या कामाचे फोटो तेच काढत. निगेटिव्ह आमच्याकडे आहेत. शिल्पकारांचे चिरंजीव आता पुस्तक काढत आहेत आणि ‘निगेटिव्ह आमच्या’ असे म्हणतात. खरे कोणाच्या?
— एक वाचक, कराड

उत्तर : यात दोन गोष्टी मिसळल्या आहेत : निगेटिव्ह ही वस्तू आणि तिच्यावरच्या चित्राचा हक्क. वस्तू वडिलांनी आपल्या खर्चाने आणून आपल्या दुकानात ठेवली असेल तर ती सामान्यतः आपली. चित्राच्या हक्काबाबत १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचा रोख वेगळा आहे. मोबदला देऊन कुणाच्या सांगण्यावरून फोटो काढला असेल आणि उलट करार नसेल, तर पहिला हक्क फोटो काढून घेणाऱ्याचा, म्हणजे इथे शिल्पकारांचा ठरतो. वडिलांनी हौसेने, मोबदल्याशिवाय काढलेले फोटो मात्र वडिलांचे. पूर्वी फोटोवरचा हक्क प्रसिद्धीपासून ६० वर्षे असे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर इतर कलाकृतींप्रमाणे तो कर्त्याच्या हयातीनंतर ६० वर्षे झाला आहे. फोटो जुने असल्याने मुदत केव्हा सुरू झाली हे वकिलाला विचारावे. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्याचा फोटो काढून छापायला शिल्पकाराची परवानगी लागत नाही, ही सवलत कायद्यातच आहे. घरातल्या किंवा शिल्पशाळेतल्या कामाला ती लागू नाही.

हा झाला कायदा. माझे मत विचाराल तर हा तंटा कोर्टात नेण्याच्या लायकीचा नाही. दोन्ही घरांकडे अर्धा-अर्धा संग्रह आहे. निगेटिव्ह आपल्याकडेच, एकत्र राहू द्याव्यात, पुस्तकासाठी स्कॅन द्यावेत, आणि प्रत्येक फोटोखाली वडिलांचे नाव छापले जाईल असे चार ओळींचे पत्र करून घ्यावे. शिल्पांच्या पुस्तकांत फोटो काढणाऱ्याचे नाव गाळण्याची जी वाईट खोड आपल्याकडे आहे, ती तरी त्यामुळे एका पुस्तकापुरती मोडेल.

प्रश्न : मी स्वतः शिल्पकार आहे, वय ७८. आयुष्यभर कामे केली, फोटो काढायचे कधी सुचले नाही. घरात मोजून दहा-बारा असतील. आता या वयात सुरुवात करण्यात अर्थ आहे का?
— एक वाचक, खटाव तालुका

उत्तर : आपण औंधच्या परिसरातले, म्हणून तिथूनच सुरुवात करतो. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी १९३८ मध्ये उभारलेल्या औंधच्या श्री भवानी संग्रहालयात इंग्रज शिल्पकार हेन्री मूर यांचे माय-लेकराचे शिल्प आहे, ते आपण पाहिले असेलच. हे मूर आपल्या शिल्पांचे फोटो स्वतः काढत, कारण शिल्प कुठल्या बाजूने आणि कुठल्या उजेडात पाहायचे हे ते घडवणाऱ्याइतके दुसऱ्याला कळत नाही. पॅरिसमध्ये राहिलेले रुमानियाचे शिल्पकार ब्रांकुसी यांनीही याच कारणासाठी कॅमेरा हाती घेतला. आपल्याकडे अलिबागजवळ सासवणे येथे शिल्पकार विनायक पांडुरंग करमरकर यांचे घरच त्यांच्या शिल्पांचे संग्रहालय झाले आहे. शक्य झाले तर एकदा जाऊन यावे, एका माणसाचे काम एका ठिकाणी असले म्हणजे काय दिसते ते तिथे समजते.

मातीकामांचे फोटो आता मिळणार नाहीत, ते गेले. पण केलेली कामे उभी आहेत आणि ती कुठे आहेत हे आपल्याला पाठ असणार. आधी ती यादी आठवेल तशी लिहून काढावी : गाव, कोणाचा पुतळा, कोणत्या माध्यमात, कोणाच्या सांगण्यावरून, ओतकाम कुठे झाले. मग नातवंडाला किंवा शेजारच्या एखाद्या मुलाला बरोबर घेऊन गावोगाव जावे. सकाळी आठ-नऊच्या सुमारास तिरप्या उन्हात उठाव चांगला दिसतो. भर दुपारी डोळ्यांच्या खोबणी काळ्या पडतात. पुतळ्याच्या अगदी जवळून मोबाइलने फोटो काढला तर नाक फुगते आणि कान आत जातात, म्हणून दहा-बारा पावले मागे सरून झूम करावे. समोरून, दोन्ही बाजूंनी आणि मागून असे चार फोटो, चौथऱ्याची पाटी, आपली सही जिथे कोरली असेल ती जागा, आणि एक फोटो पुतळ्याशेजारी आपण उभे असलेला, त्यावरून उंचीचाही अंदाज येतो. हार असतील तर ते निघेपर्यंत थांबावे. दर जयंतीला उत्साही मंडळी ब्राँझवर सोनेरी रंग फासतात, तो दिसला तर तसाच टिपावा आणि मूळ छटा कोणती होती ते वहीत लिहावे.

घरी आल्यावर आपली हत्यारे मांडून त्यांचे फोटो काढावेत, विशेषतः स्वतः करून घेतलेल्या लाकडी पट्ट्या आणि तारेच्या कड्या. बाजारात न मिळणाऱ्या या गोष्टी कशासाठी वापरल्या हे आपणच सांगू शकता. अंगात बळ असेल तर एखादे लहान डोके पुन्हा मातीत करावे आणि सांगाड्यापासून साचा फोडेपर्यंतची प्रत्येक पायरी कुणाला तरी टिपू द्यावी. गावोगावच्या फेरीत मात्र जवळचे गाव आधी धरू नये. ज्या चौकात रस्ता रुंद होण्याच्या खुणा लागल्या असतील, तिथला पुतळा पहिला घ्यावा.